खाशाबा जाधव : पदकांच्या यादीतील एकटे नाव

सन २०२४ च्या पावसाळ्यात पॅरिस येथे ऑलिंपिक सामने चालू असता, वरच्या एका वर्गातील मुलांनी फळ्याच्या कडेला भारताने आजवर मिळविलेल्या पदकांची यादी मांडली होती. रोज मधल्या सुट्टीत तीत भर पडे. एके दिवशी त्या यादीपुढे उभ्या असलेल्या एका मुलाने आम्हांस विचारले की, यादी उतरविताना मध्ये काही ओळी गळल्या आहेत काय? कारण वरपासून पाहत आले असता हॉकी, पुन्हा हॉकी, आणखी हॉकी, असेच चालले होते. सन १९५२ समोर मात्र एकाच माणसाचे नाव होते आणि त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे दुसऱ्या कोणाही एकट्या खेळाडूचे नाव नव्हते. मुलांनी यादी चोख उतरविली होती. एकही ओळ गळलेली नव्हती. ते एकटे नाव कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. त्यांची हकीकत वाचकांपुढे मांडावी, असे त्याच दिवशी आमच्या मनाने घेतले.

प्रथम त्या यादीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. तिची सुरुवात सन १९०० मध्ये पॅरिसलाच होते. कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड या इंग्रज तरुणाने त्या वर्षी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळविली आणि ती भारताच्या नावावर नोंदली गेली. त्याला कोणी पाठविले नव्हते आणि त्याच्या मागे संघही नव्हता. भारताचा पहिला खरा संघ गेला तो सन १९२० मध्ये बेल्जममधील अँटवर्प येथे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर धावणारी अनवाणी मुले पाहून सर दोराबजी टाटा यांनी ते मनावर घेतले होते. त्या संघात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले हे होते आणि ते मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले. कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्लही त्यांच्यासमवेत गेले होते. त्यांपैकी शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकले. ज्या बेळगावची भाजी आम्ही म्हापशाच्या बाजारात नित्य घेतो, तेथील माणूस शंभर वर्षांपूर्वी युरोपात बेचाळीस किलोमीटर धावून आला होता, हे आमच्या कितीशा वाचकांस ठाऊक असेल?

पुढे सन १९२८ पासून हॉकीचे युग सुरू झाले. त्या युगाचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. इतकेच सांगतो की, १९२८ ते १९५६ पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक आमच्या संघाने घेतले आणि १९४८ च्या लंडनच्या विजयी संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस यांसारखी मूळ गोमंतकीय घराण्यांतील माणसे होती. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. गोमंतकीय खेळाडूंस भारताच्या ध्वजाखाली उतरता आले, ते मुंबईसारख्या ठिकाणी राहून.

आता खाशाबांकडे वळू.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. कराड येथे कृष्णा व कोयना या नद्यांचा संगम आहे. त्या संगमाच्या परिसरातील हे लहानसे शेतकऱ्यांचे गाव. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडिलांनी त्यांना वयाच्या पाचव्या वर्षीच हौद्यात उतरविले, असे सांगतात. आठव्या वर्षी त्यांनी आसपासच्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत अस्मान दाखविले, हीही कथा त्या भागात प्रसिद्ध आहे. गोष्टी सांगताना गावकऱ्यांच्या हातून मिनिटे थोडी इकडेतिकडे होत असतील. तथापि मूल असामान्य होते, याविषयी शंका नको.

येथे आमच्या गोमंतकातील वाचकांसाठी दोन शब्द सांगावे लागतील. आमच्याकडे मुलांचा जीव फुटबॉलमध्ये. घाटावर, विशेषतः कोल्हापूर, सातारा, सांगली या भागांत, तो मान कुस्तीचा. तेथे गावोगाव तालीम असते. तांबडी माती चाळून, तीत तेल, ताक, हळद घालून हौदा तयार करतात. पहाटे मुले अंगाला माती लावून जोर-बैठका काढतात आणि वस्तादाच्या शब्दाबाहेर जात नाहीत. जत्रेत कुस्त्यांचा फड नसेल, तर जत्रा झाली असे कोणी मानीत नाही. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी या विद्येला मोठा आश्रय दिला आणि खासबागेचे विस्तीर्ण मैदान तिच्यासाठी बांधविले. खाशाबा हे या परंपरेचे अपत्य होत.

शरीराने मात्र ते पहिलवान वाटत नसत. उंची बेताची, अंग सडपातळ, वजन थोडे. कराडच्या टिळक हायस्कुलात ते १९४० ते १९४७ पर्यंत शिकले. मध्येच १९४२ चे आंदोलन आले. त्या धामधुमीत भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणे, त्यांची पत्रके इकडून तिकडे पोहोचविणे, अशी कामे या विद्यार्थ्याने केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथे वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास गेले असता, क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या देहयष्टीकडे पाहून नकार दिला, असे सांगतात. मग ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि या सडपातळ मुलाने आपल्याहून थोराड असे प्रतिस्पर्धी एकामागून एक पाडले.

हे प्राचार्य म्हणजे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. आमच्या पेडणे तालुक्याची सीमा ओलांडून वेंगुर्ल्यास गेले, की त्यांचे नाव दिलेले महाविद्यालय लागते. आमच्या भागातील काही मुले तेथे शिकून आली असतील. त्या नावामागे कोणता माणूस आहे, ते पुढे येईलच.

कोल्हापुरात बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून, अंग वळवून त्याला जमिनीवर आणणारा हा डाव बळापेक्षा वेगावर व अचूकतेवर चालतो. थोड्या वजनाच्या माणसास तो फार उपयोगी पडतो.

सन १९४८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक भरले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च केला. लंडनला पोहोचल्यावर या तरुणापुढे जी अडचण उभी राहिली, ती आजच्या मुलांस कदाचित चमत्कारिक वाटेल. तेथे माती नव्हती, गादी होती. मातीत पाय रोवला की तो रुततो आणि माणसाला आधार मिळतो. गादीवर तो निसटतो. शिवाय नियम वेगळे, गुणांची पद्धत वेगळी, वेळ मोजून दिलेला. मातीतल्या कुस्तीत पाठ लागेपर्यंत झुंज चाले. येथे पाठ न लागताही गुणांवर हार-जीत ठरे. अमेरिकेचे माजी विजेते मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना या नव्या पद्धतीचे धडे दिले. एवढ्या अल्प शिक्षणावर खाशाबा सर्वांत हलक्या वजनाच्या गटात सहावे आले. गादीची सवय नसलेल्या माणसाने जगातल्या पहिल्या सहांत यावे, ही काही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु मायदेशी तिची फारशी वाच्यता झाली नाही. सहाव्या क्रमांकाला पदक नसते आणि ज्याला पदक नाही, त्याला यादीत ओळ नाही.

खाशाबा परतले ते एक निश्चय करूनच. पुढील चार वर्षे त्यांनी मेहनत वाढविली, वजनाचा गट बदलला आणि ते सत्तावन्न किलोच्या गटात उतरू लागले.

पुढचे ऑलिंपिक सन १९५२ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरी ठरले होते. त्यासाठी मद्रासला निवड झाली. तेथे निरंजन दास या बंगालच्या मल्लापेक्षा एक गुण कमी देऊन खाशाबांना मागे ठेवण्यात आले. पूर्वी याच मल्लाला त्यांनी हरविले होते. निर्णय न्याय्य नाही, अशी त्यांची खात्री झाली. पुष्कळ माणसे अशा वेळी दैवाला बोल लावून घरी बसतात. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्र सिंग हे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि स्वतः खेळांचे जाणकार होते. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी निरंजन दासला चीत केले. पाठ जमिनीला लागल्यावर गुण मोजण्याचा प्रश्नच उरला नाही.

निवड झाली, पण जाण्यासाठी पैसा कोठे होता? आज खेळाडू परदेशी निघाला की त्याचा प्रवास, आहार, शिक्षक, वैद्य, सर्वांची सोय सरकार व संस्था करतात. तेव्हा निवड होणे म्हणजे जाण्याची परवानगी मिळणे, एवढाच अर्थ होता. भाडे ज्याने त्याने आणावयाचे. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते, तेव्हा मागच्या खेपेचा राजाश्रयही राहिला नव्हता. खाशाबा व त्यांचे आप्त गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतून वर्गणी मागत फिरले. शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले. सरकारच्या दारीही खेपा घालाव्या लागल्या आणि अखेरीस तेथून चार हजार रुपये मिळाले. तरीही रक्कम पुरी होईना.

अशा वेळी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. कोल्हापूरच्या मराठा बँकेकडून त्यावर सात हजार रुपये काढले आणि ते आपल्या या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले.

या प्रसंगापाशी आम्ही लिहिताना बराच वेळ थांबलो. १९५२ साली सात हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. विद्यार्थी हरून आला असता, तर ते घर कोणत्या आशेवर सोडविले गेले असते? कुस्तीत पायाचा अंगठा मुरगळला तरी चार वर्षांची मेहनत वाया जाते, हे खर्डेकरांस ठाऊक नसेल असे नाही. शिक्षकाच्या व्यवसायात विद्यार्थ्याविषयी बरे बोलणे सोपे असते. आम्हीही ते वर्षभर बोलत असतो. त्यापलीकडे जाऊन घराचे कागद सावकारापुढे ठेवणारा शिक्षक आम्ही तरी पाहिलेला नाही, आणि आमच्याकडून ते झाले असते असे म्हणण्याचे धारिष्ट आम्हांस होत नाही.

हेलसिंकीस खाशाबांसमवेत कोल्हापूरकडचेच केशव माणगावे हे दुसरे मल्ल गेले होते. ते वरच्या वजनाच्या गटात उतरले आणि चौथे आले. पदकापासून एक पायरी दूर. त्यांचे नावही आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद केले. त्याच सामन्यांत मेरी डिसोझा ही मूळ गोमंतकीय कुटुंबातील, वांद्र्याची तरुणी शंभर व दोनशे मीटरच्या शर्यतींत धावली. भारतातर्फे ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती एक होय.

कुस्त्या जुलैच्या २० तारखेपासून सुरू झाल्या. खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला पाडले, मग मेक्सिकोच्या बासुर्तोला पाडले. जर्मनीच्या श्मिट्झवर गुणांनी मात केली. आता त्यांच्यासमोर जपानचा शोहाची इशिई उभा ठाकला. ही कुस्ती अतिशय चुरशीची झाली.  पूर्ण वेळ झुंजूनही खाशाबा हरले. हाच इशिई पुढे सुवर्णपदकाचा मानकरी झाला आणि युद्धात होरपळलेल्या जपानला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक ठरले.

यानंतर जे घडले, त्याची हकीकत घाटावरचे जुने लोक आजही हळहळून सांगतात. इशिईशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव याच्याशी लढण्यास खाशाबांना बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून तक्रार नोंदविणारा आपला एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच गादीवर गेले आणि हरले. मामेदबेयोवला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य. तो दिवस २३ जुलै १९५२.

विश्रांती मिळाली असती तर काय झाले असते, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. त्या सोव्हिएत मल्लाचा दर्जा थोर होता आणि त्याचे रौप्य त्याने कमावलेले होते. परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या माणसासाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकले व गावाने झोळी फिरविली, त्याच्या बाजूने दोन वाक्ये बोलण्यास देशाचा माणूस त्या ठिकाणी नव्हता.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने हॉलंडवर सहा विरुद्ध एक असा विजय मिळविला. त्यांतील पाच गोल एकट्या बलबीर सिंगांचे. देशात जो आनंदोत्सव झाला, तो साहजिकच हॉकीच्या सुवर्णाचा होता. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक पदकाचे आयुष्य, लोकांच्या नजरेपुरते बोलावयाचे तर, जेमतेम एका दिवसाचे ठरले.

निदान देशात तसे झाले. कराडला तसे झाले नाही. खाशाबा परत आले त्या दिवशी स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. तीत एकशे एक्कावन्न बैलगाड्या होत्या, असे सांगतात. एरवी पंधरा मिनिटांत कापला जाणारा रस्ता पार करण्यास सात तास लागले. आमच्या मते त्या काळी कोणत्याही ऑलिंपिक वीराचे एवढे सुंदर स्वागत क्वचितच झाले असेल. बैल जुंपणारे ते शेतकरी बहुतेक सगळे वर्गणीदारच होते. आपण घातलेला रुपया पदक होऊन परत येताना पाहण्यासाठी ते जमले होते.

मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला, आणि खाशाबांनी पहिले काम काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले. स्वतः लढले. त्यातून उभा राहिलेला पैसा नेऊन खर्डेकरांना दिला आणि त्यांचे घर गहाणातून सोडविले. पदक मिळाले म्हणून कर्ज माफ झाले, असे त्यांना वाटले नाही. ज्या विद्येच्या भरवशावर ते घर अडकले होते, त्याच विद्येने त्यांनी ते मोकळे केले. या माणसाचे चरित्र एकाच प्रसंगातून सांगावयाचे झाले, तर आम्ही हेलसिंकीचा नव्हे, हा प्रसंग निवडू.

यापुढील आयुष्याची हकीकत थोडक्यात आटोपते, कारण तिच्यात जयघोष नाही. सन १९५५ मध्ये ते मुंबईच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाण्याची तयारी चालू असता गुडघ्याला दुखापत झाली आणि जाणे राहून गेले. त्यांच्यासारख्या मल्लाला याचे दुःख किती झाले असेल, हे खेळणाऱ्यालाच कळेल. पोलीस दलात त्यांनी स्पर्धा जिंकल्या, इतर शिपायांना खेळ शिकविले, नोकरी निष्ठेने केली. बढतीला मात्र फार वर्षे लागली. सेवेच्या अगदी अखेरीस ते साहाय्यक पोलीस आयुक्त झाले आणि १९८३ च्या सुमारास निवृत्त झाले. उतारवयात निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले, अशी नोंद आहे. गावच्या घराचे नाव त्यांनी ऑलिंपिक निवास असे ठेविले होते. सन १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई सामन्यांच्या वेळी ज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, हा त्यांच्या हयातीतील एक सन्मान. शासनाने खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू केला होता. पण तो खाशाबांच्या वाट्यास त्यांच्या जिवंतपणी आला नाही, आणि पद्म पुरस्कारही नाही.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न.

त्या आठवड्याची एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. लॉस एंजल्स येथील ऑलिंपिक सामने नुकतेच संपले होते. तेथे ८ ऑगस्टला आमची पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिसऱ्या क्रमांकापासून सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे राहिली होती. चोवीस वर्षांपूर्वी रोम येथे मिल्खा सिंगही असेच चौथे आले होते. त्या वर्षी आमच्या देशास हॉकीतही काही मिळाले नाही. म्हणजे खाशाबांनी डोळे मिटले, तेव्हा स्वतंत्र भारताच्या यादीत वैयक्तिक पदकासमोर नाव होते ते एकट्या त्यांचेच. बत्तीस वर्षे ते तेथे एकटेच उभे होते आणि आणखी बारा वर्षे, त्यांच्या माघारी, उभे राहावयाचे होते.

यादीतील ती रिकामी जागा १९९६ मध्ये भरली. अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी कांस्यपदक मिळविले. चार वर्षांनी सिडनी येथे कर्णम मल्लेश्वरी यांनी वजन उचलण्यात पदक घेतले आणि पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान त्यांना लाभला. २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी नेमबाजीत सुवर्ण आणले. कुस्तीतले दुसरे पदक येण्यास मात्र बीजिंगपर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षे वाट पाहावी लागली. ते सुशील कुमार यांचे. पुढे यादी झपाट्याने वाढली. पॅरिसअखेर सर्व मिळून पदके एकेचाळीस झाली आणि त्यांत हॉकीची तेरा आहेत. एकशे चाळीस कोटींच्या देशास ही संख्या शोभते की नाही, हा वाद वर्गात जोरात झाला. आम्ही त्यात पडलो नाही. आम्हांस इतकेच विचारावेसे वाटले की, या एकेचाळीस ओळींपैकी किती ओळींमागे गहाण पडलेले घर होते आणि जी नावे यादीत येऊच शकली नाहीत, त्यांना एखादा खर्डेकर भेटला नाही म्हणून तर ती आली नसतील?

सन्मान आले ते मागाहून. महाराष्ट्र शासनाचा छत्रपती पुरस्कार १९९३ च्या सुमारास मरणोत्तर देण्यात आला. अर्जुन पुरस्कार २००१ मध्ये, तोही मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्ली येथे राष्ट्रकुल सामने झाले, तेव्हा कुस्तीच्या आखाड्यास त्यांचे नाव देण्यात आले. पुढे महाराष्ट्राने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्यास प्रारंभ केला. सन २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धा आमच्या गोव्यात भरल्या आणि पेडे येथील संकुलातही देशोदेशीचे, म्हणजे राज्याराज्यांचे, खेळाडू आले, तेव्हा आमच्या मुलांनी त्यांना जवळून पाहिले. त्या खेळाडूंचे सामान, त्यांचे शिक्षक, त्यांचे वैद्य पाहून मुले चकित झाली होती. खाशाबांची हकीकत त्यांना तेव्हा सांगावयास हवी होती. ते राहून गेले.

पॅरिसच्या सामन्यांत आणखी दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही फळ्यावर लिहिल्या गेल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या गावचा स्वप्नील कुसाळे रायफल नेमबाजीत कांस्यपदकाचा मानकरी ठरला. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक पदक. नंतर ९ तारखेस हरयाणाचा अमन सेहरावत कुस्तीत कांस्य जिंकला. त्याचा गट सत्तावन्न किलोचा होता. ज्या मुलाने यादीत ओळी गळल्या आहेत काय असे विचारले होते, त्यानेच ते नाव लिहिले, आणि मग खडू तसाच हाती ठेवून, वर जाऊन, १९५२ च्या ओळीपुढे लहान अक्षरांत सत्तावन्न किलो असे जोडले.